२०१३ची रुपयाची घसरण : टूजी-कोळसा प्रकरणांनी नेमकं काय अडवलं?

प्रश्न :
२२ मे २०१३ला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे (फेडरल रिझर्व्ह) तेव्हाचे अध्यक्ष बर्नान्के यांनी तिची रोखेखरेदी कमी करण्याचं सूतोवाच केलं, गुंतवणूकदारांचे डॉलर बाहेर जाऊ लागले आणि २८ ऑगस्टला डॉलर ६८ रुपयांच्या वर गेला. दणका ब्राझील, इंडोनेशियालाही बसला. पण आपल्याकडे टूजी (मोबाईल ध्वनिलहरींचं वाटप) आणि कोळसा खाणवाटप या घोटाळ्यांमुळे ‘धोरणलकवा’ होता, सरकारी निर्णयच होत नव्हते म्हणतात. म्हणजे प्रत्यक्षात काम कुठे अडत होतं?

उत्तर १ :
सहीपाशी. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या तेव्हाच्या कलम १३(१)(ड)मध्ये सार्वजनिक हित नसताना कुणाला आर्थिक लाभ मिळवून दिला, एवढ्यावरही गुन्हा ठरू शकत होता. लाच घेतल्याचं सिद्ध व्हायलाच हवं असं नव्हतं. फेब्रुवारी २०१२मध्ये सुप्रीम कोर्टाने १२२ टूजी परवाने रद्द केले. त्यानंतर निर्णय घेण्यापेक्षा ‘विधी खात्याचे मत घ्यावे’ असा शेरा मारून फाईल पुढे सरकवणं अधिकाऱ्याला सुरक्षित. हे कलम २०१८मध्ये बदललं.

दुसरी अडचण संसदेची. २०१०चं हिवाळी अधिवेशन टूजीवर वाया गेलं, २०१२चं पावसाळी कोळशावर.

उत्तर २ :
डॉलरचा हिशेबही बघा. २०१२-१३मध्ये चालू खात्यावरची तूट (आयात-निर्यातीसारख्या व्यवहारांत येणाऱ्यापेक्षा जास्त बाहेर जाणारे डॉलर) जीडीपीच्या ४.८ टक्के होती, आणि त्यात गोव्याचाही वाटा आहे. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२मध्ये तिथल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाची बंदी आली. कर्नाटकात २०११पासूनच बंदी होती. गोव्याचं खनिज कमी प्रतीचं, बहुतेक सगळं निर्यातीचं. म्हणजे गेले ते थेट डॉलर. बंदी योग्यच होती. बेकायदा उत्खनन वर्षानुवर्षं चालू दिलं, म्हणून ती नेमकी नको त्या वेळी आली.

प्रश्नकर्ता :
मग रुपया सावरला कसा?

उत्तर १ :
ज्याला विधेयक लागत नाही आणि कंत्राट वाटावं लागत नाही, ते सगळं झटपट झालं. जुलैत एमएसएफ दर (बँकांना रिझर्व्ह बँकेकडून तातडीचं कर्ज मिळतं तो दर) १०.२५ टक्के, म्हणजे उधारीच्या रुपयांनी डॉलर घेणं महाग. ऑगस्टमध्ये अधिसूचनेने सोन्यावरचं आयातशुल्क १० टक्के. २८ ऑगस्टला सरकारी तेल कंपन्यांना रिझर्व्ह बँकेकडून थेट डॉलर, म्हणजे त्यांची रोजची मागणी बाजारातून बाहेर. सप्टेंबरपासून अनिवासी भारतीयांच्या किमान ३ वर्षांच्या एफसीएनआर(बी), म्हणजे परकीय चलनातल्या ठेवींवर बँकांना वार्षिक ३.५ टक्क्यांनी स्वॅप : डॉलर रिझर्व्ह बँकेला देऊन रुपये घ्यायचे, मुदतीनंतर उलटा व्यवहार. ही सवलत आणि बँकांच्या परदेशी कर्जांसाठीची सवलत मिळून नोव्हेंबरअखेर सुमारे ३४ अब्ज डॉलर आले.

उत्तर २ :
मात्र त्यातला मोठा भाग उधारीचा. ३ वर्षांच्या त्या ठेवी २०१६च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये परत कराव्या लागल्या.