मदत हवी आहे: बीमच्या भेगेची खोली यूपीव्हीने (काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडून करतात त्या चाचणीने) मोजली, आकड्यावर भरवसा ठेवायचा का?

मंडळी, आमची मुलुंडची १९९१ ची इमारत. तीस वर्षं उलटल्यामुळे महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब खाली स्ट्रक्चरल ऑडिट आलंच. स्टिल्टमधल्या (तळाच्या खांबांवरच्या मोकळ्या मजल्यातल्या) एका बीमला मधोमध उभी भेग आहे. टेस्टिंगवाल्यांनी प्लास्टर काढलं, काँक्रीट घासलं आणि ग्रीस लावून भेगेच्या दोन्ही बाजूंना प्रोब टेकवले; आधी भेगेपासून १५० मिमीवर, मग ३०० वर. एका प्रोबपासून दुसऱ्यापर्यंत ध्वनी पोचायला वेळ लागला ८१ आणि १५३ मायक्रोसेकंद. त्यावरून खोली ६१ मिमी.

मी कॉमर्सवाला, पण सूत्र रिपोर्टातच होतं म्हणून गणित करून पाहिलं. ८१ च्या जागी ८० टाकलं की खोली थेट ५४ वर येते! एका मायक्रोसेकंदात सात मिमी? शिवाय मोजणी भर जुलैत झाली, भिंती ओल्या होत्या. या ६१ वर कमिटी लाखोंचं काम काढायला निघालीय. पावसाळ्यानंतर पुन्हा मोजून घ्यावं का? जाणकारांनी सांगावं.

साईटवरचा:
गणित बरोबर आहे तुमचं, ही पद्धत तेवढीच नाजूक आहे. ध्वनी भेगेच्या टोकाला वळसा घालून येतो आणि त्याला लागलेल्या वेळेवरून खोली काढतात. भेगेत पाणी असेल तर तो वळसा न घालता पाण्यातूनच पार होतो. बीमची आडवी सळई भेग ओलांडून जाते, तिच्यातूनही तो निसटतो, आणि लोखंडात वेग काँक्रीटपेक्षा बराच जास्त. दोन्हींमुळे खोली कमीच दिसते. म्हणजे पुन्हा मोजलं तर आकडा वाढूही शकतो, कमिटीला आधीच सांगून ठेवा.

पण अहो, बीमची दुसरी बाजू कुणी पाहिली का? त्याच जागी तिकडेही भेग असेल आणि खालूनही जोडलेली दिसत असेल, तर ती आरपार आहे असंच धरा. मग ६१ की ५४ हा वादच नको. रुंदी मोजा: आयएस ४५६ (काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक) प्रमाणे साधारण मर्यादा ०.३ मिमी, सतत ओल असेल तिथे ०.२. गंजाचे तांबूस ओघळ आहेत का तेही बघा. आणि भेगेवर काचपट्टी चिकटवून तारीख लिहा. तडकली तर भेग अजून हलतेय.

धागाकर्ता:
दुसऱ्या बाजूला मीटर रूम आहे, तिथे कुणी गेलंच नव्हतं. सेक्रेटरींकडून चावी घेतो आणि फोटो टाकतो.