‘माया असली की झालं’ म्हणणाऱ्यांसाठी

पाटीपेन्सिल

काल शाळा संपवलेल्या एका मुलीने इथे विचारलं होतं, लहान मुलांची शिक्षिका व्हायचंय, कुठली पदवी घेऊ? त्यावर ‘उंटावरचा शहाणा’ यांचा सल्ला: “कुठलीही घे. तीन वर्षांच्या पोरांना शिकवायला काय लागतं? माया असली की झालं. वर सहा महिन्यांचा कोर्स कर.” खाली अनुमोदनांची रांग. प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा.

मायेचंच सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या वर्गात चार वर्षांचा एक मुलगा होता. हाक मारली तर बघायचा नाही, गोष्ट रंगात आली की उठून खिडकीशी. मी माया लावली, रागावले, परत माया लावली आणि शेवटी ‘हट्टी’ म्हणून मोकळी झाले. शेजारच्या वर्गातली बाई बालविकासातली पदवीधर. ती एकदा दहा मिनिटं मागे बसली नि म्हणाली, “तू फळ्याकडे तोंड केलंस की याला काही कळत नाही. तो तुझे ओठ वाचतोय.” तपासणीत कळलं, कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं होतं. सर्दीनंतर या वयात सर्रास होतं आणि तेवढ्यापुरतं ऐकू कमी येतं. दोन महिने मी त्या पोराला हट्टी म्हणत होते. तिने शिकताना निरीक्षणाच्या वह्याच्या वह्या भरल्या होत्या, मी एकही नाही.

तेव्हा मुली, पदवीच्या नावावर जाऊ नकोस. ‘शिक्षणशास्त्र’ म्हणून मिळतं ते पुष्कळदा सहा वर्षांपुढच्या मुलांचं असतं. युनेस्को पूर्वबाल्य जन्मापासून आठ वर्षांपर्यंत धरते. त्यातली कुठली वर्षं शिकवणार ते आधी विचार. नुसतं मानसशास्त्र घेतलंस तर शिक्षिकेची पात्रता बहुधा वेगळी मिळवावी लागेल. आणि प्रत्यक्ष वर्गातले आठवडे मोज.

उंटावरचा शहाणा

आमच्या नावाने धागा! धन्य झालो. आता ऐका. किंडरगार्टनवाला फ्रोबेल तरुणपणी वनखात्याच्या कामात उमेदवारी करत होता, पुढे बर्लिनच्या संग्रहालयात खनिजं लावायचा. माँटेसोरी डॉक्टर. गुजरातेत बालशिक्षण रुजवणारे गिजुभाई बधेका वकील. एकाकडे तरी तुमची पदवी होती का?

पाटीपेन्सिल

फ्रोबेलने बालशाळा काढली १८३७ साली. पदवी होती कुठे तेव्हा? आणि माँटेसोरीबाईंनी १९०७ मध्ये पहिली बालशाळा काढली, दोनच वर्षांत, १९०९ ला, शिक्षिकांचा प्रशिक्षणवर्ग सुरू केला. माया पुरेशी असती तर तेवढा उपद्व्याप कशाला केला असता त्यांनी?

आकडेमोड

दोघंही किस्से सांगताय. १९६२ मध्ये अमेरिकेत सुरू झालेला पेरी प्रीस्कूल प्रकल्प घ्या. १२३ मुलं, त्यातली ५८ बालशाळेत, बाकीची तुलनेसाठी. चाळिशीपर्यंत माग ठेवला; बालशाळेतली मुलं शिक्षणात, कमाईत पुढे, तुरुंगात कमी. शिक्षिका पदवीधर होत्या. पाटीपेन्सिल, इतक्यात टाळ्या नकोत: सहा-सात मुलांमागे एक शिक्षिका होती आणि दर आठवड्याला घरभेट. मग श्रेय पदवीचं की शिक्षिकेमागे सहा-सातच मुलं असण्याचं?

चिमणीचा बाबा

पदवी पदवी काय लावलंय! माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलीला अशाच पदवीधर बाई रोज पानभर अक्षरं गिरवायला देतात. पेन्सिल मुठीत धरते, दाबून कागद फाडते, मग रडते. मनगटात हाडंच तयार नसतात या वयात! लहान मुलाच्या हाताचा तो एक्स-रे सगळीकडे फिरतोय, बघा जरा.

कृतार्थ आजी

आम्ही तिसऱ्या वर्षी गिरवलं. मनगटं शाबूत आहेत, अक्षर तुमच्यापेक्षा बरं आहे.

चिमणीचा बाबा

आजी, तुम्ही मारही खाल्ला असेल. तोही सुरू करू का?

कृतार्थ आजी

शब्द जपून वापरा. माझ्या आईने कधी हात उगारला नाही. वाळूत बोट फिरवत बसायचो आम्ही, ती शेजारी बसायची.

सांधेसुधे

फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून तोंड घालतो. मनगटात आठ छोटी हाडं. जन्मतः सगळी कूर्चेची, म्हणजे हाडाआधीच्या मऊ, लवचिक भागाची. तिसऱ्या वर्षी एक्स-रेत तीन-चारच दिसतात, शेवटचं वाटाण्याएवढं हाड साधारण आठ ते बारा वर्षांत उमटतं. पण कूर्चा एक्स-रेत दिसत नाही म्हणजे तिथे पोकळी नसते! हात चालतोच. अडतं ते बोटांच्या बारीक हालचालींवरच्या ताब्याशी, आणि तो आधी खांदा-कोपर स्थिरावल्यावर, माती मळून, मणी ओवून येतो. तेव्हा बाबा, तक्रार रास्त, पुरावा चुकीचा. आजींची वाळू पानभर अक्षरांपेक्षा शंभर पटींनी बरी.

कृतार्थ आजी

बघा! पदवी नव्हती आईकडे.

पाटीपेन्सिल

तुमच्या आईकडे पंचवीस मुलं एका वेळी नव्हती, आजी. असो. चिमणीच्या बाबांना: पानभर लेखन बाईंना हवं असतं की पालकांना? आमच्या आधीच्या शाळेत मी मातीकाम वाढवलं, तर तीन पालक ‘अभ्यास कधी सुरू होणार’ विचारायला आले. पुढे घेतलेल्या पदवीने मला कारण माहीत झालं, नाही म्हणायची ताकद मिळाली नाही.

चिमणीचा बाबा

...त्या तिघांतला एक मी असू शकलो असतो. गेल्या वर्षी.

उंटावरचा शहाणा

म्हणजे पदवी घेऊनही पालकांपुढे मान तुकवायची. मग सहा महिन्यांतच तुकवावी ना, फी वाचेल. आमच्या मेहुणीने विशेष प्रावीण्याने पदवी घेतली. पहिल्या दिवशी पाच पोरं एकदम रडायला लागली तर फाईल छातीशी धरून उभी! तीन वर्षांत तिला वर्गात पाठवलं होतं एकूण चार आठवडे.

पाटीपेन्सिल

अहो, मग मी ‘आठवडे मोज’ म्हणाले ते काय वेगळं होतं?

उंटावरचा शहाणा

तेवढं एक वाक्य बरोबर आहे. कॅलेंडरवर लिहून ठेवा, आम्ही कबूल केलं.

नवीन पाखरू

काल प्रश्न विचारणारी मीच. आज दोन ठिकाणी फोन केला. एकीकडे पहिल्याच वर्षापासून आठवड्यातून एक दिवस वर्ग, वयोगट शून्य ते आठ, पण घरापासून लांब. दुसरीकडे विचारलं, मुलांसोबत किती आठवडे? त्या म्हणाल्या, “कुठल्या मुलांसोबत?”

कृतार्थ आजी

लांबचं घे गं.