शत्रू वाचला तरी मंत्राची खूण उरावी

फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळांबद्दल तुम्ही म्हणता, शत्रूने तग धरला की मंत्र पूर्ण वाया जावा, तलवारीचा वारही चुकतोच. शिवाय मंत्र जास्त बळकट केले तर बलाढ्य शत्रूही एकाच मंत्रात गारद होईल, अशी तुम्हाला भीती वाटते. मला हे पटत नाही. तलवारवाला पुढच्या पाळीला पुन्हा वार करतो. मांत्रिकाचा तो मंत्र मात्र खर्च झालेला असतो.

डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाचे २०१४चे नियम घ्या. पाचव्या लेव्हलचा, बुद्धी १८ असलेला विझार्ड, म्हणजे मांत्रिक. त्याच्या मंत्रातून सुटायला शत्रूने फासा आणि बोनस मिळून गाठायचा आकडा ८ + लेव्हलचे ३ + बुद्धीचे ४, म्हणजे १५. समोरच्याचा बोनस ९ असेल तर वीस बाजूंच्या फाशावर ६ पडले तरी तो सुटतो. ७५ टक्के वेळा! शिवाय मोठ्या ड्रॅगनला दिवसातून तीनदा हरलेला फासाही जिंकलेला धरता येतो.

आम्ही इंदुरात शनिवारी रात्री एका मित्राच्या गच्चीवर खेळतो. गेल्या महिन्यात आमच्यातल्या सर्वांत धाकट्या मुलीचे तीन मंत्र ओळीने असे गेले. नंतर सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात भुट्ट्याचा कीस खातानाही ती गप्पच होती. मला ते फार लागलं.

पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या २०१९च्या आवृत्तीत निकालाच्या चार पायऱ्या आहेत: मोठं यश, यश, अपयश, मोठं अपयश. संथ करणाऱ्या मंत्रातून शत्रू साधारण वाचला, तरी एक फेरी त्याची एक कृती जातेच. बलाढ्य शत्रू एका मंत्रात गारद होऊ नये म्हणून वेगळी अटही आहे, म्हणजे तुमची ती भीतीही मिटते.

येत्या शनिवारी हीच पद्धत आमच्या खेळात आणतोय.