असर्ट बंद करण्याआधी आत काय लिहिलंय ते बघा

काही जण सुचवतात की पायथन प्रोग्राम '-ओ' (कॅपिटल O) हा पर्याय लावून चालवा, असर्ट (अट खरी नसेल तर प्रोग्राम तिथेच एरर देऊन थांबवणाऱ्या तपासणीच्या ओळी) बंद होतील आणि वेग वाढेल. वेग बहुतेकदा नावापुरताच वाढतो, धोका मात्र खरा आहे. '-ओ' लावलं की असर्टची अख्खी ओळच बाइटकोडमध्ये (पायथन प्रत्यक्षात चालवतो त्या रूपांतरित कोडमध्ये) येत नाही. इथे सोलापुरात एका टॉवेल कारखान्याच्या बिलिंगमध्ये साठा वजा करणारं फंक्शनच असर्टच्या आत बोलावलेलं पाहिलंय. '-ओ' लावल्यावर बिलं निघत राहिली, साठा जागचा हलेना, आणि एरर एकही नाही! बाहेरून आलेला आकडा तपासायचा तर सरळ इफ लावून एक्सेप्शन (एरर) फेका. जावा भाषेत तर '-ईए' (-ea) हा पर्याय दिल्याशिवाय असर्ट चालतच नाहीत. आणि सर्व्हरवर 'पायथनऑप्टिमाइझ' (PYTHONOPTIMIZE) हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सिस्टिममध्ये ठेवलेली सेटिंग) सेट आहे का तेही बघा; ते असलं तर '-ओ' न देताही असर्ट गायब होतात.