मदत हवी आहे: प्रेडर-विली असलेल्या लेकीची शाळा बदलतेय, वर्गातल्या मुलांना किती सांगावं?

नमस्कार. बरेच दिवस इथले धागे वाचते आहे, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझी लेक 11 वर्षांची आहे. तिला प्रेडर-विली सिंड्रोम आहे. साधारण 15 ते 20 हजार बाळांत एखाद्याला हा असतो, त्यामुळे नाव ऐकलेलं नसेल तर नवल नाही. वडिलांकडून आलेल्या 15व्या गुणसूत्रावरचा एक छोटा भाग गळालेला असतो किंवा काम करत नाही. आमच्या दोघांच्याही घराण्यात हे कुणाला नाही. बहुतेक वेळा हे आपोआप घडतं, कुणाच्या चुकीमुळे नाही, हे मनाला पटायला मला दोन वर्षं लागली. जन्मली तेव्हा इतकी लुळी होती की दूध ओढायची ताकद नव्हती, नळीने पाजलं. आणि आता बरोबर उलटं. पोट भरलं हा निरोप मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत नीट पोचतच नाही. ती जेवून उठते तेव्हाही भुकेलीच असते. त्यात स्नायू कमी, म्हणून तिच्या वयाच्या मुलांपेक्षा तिला बरंच कमी अन्न लागतं. जास्त खाल्लं की वजन झपाट्याने वाढतं.

आमच्या स्वयंपाकघराला कुलूप आहे. ऐकणाऱ्याला क्रूर वाटतं, पण कुलूप आल्यापासून पोर शांत झाली. कधी खायला मिळणार, काय मिळणार हे भिंतीवर लिहिलेलं असतं आणि मधेअधे काहीही मिळणार नाही याची तिला पक्की खात्री असते. मग तिचं डोकं बाकीच्या गोष्टींसाठी मोकळं होतं. 300 तुकड्यांचं जिगसॉ ती खोक्यावरचं चित्र न बघता लावते.

प्राथमिक शाळेत हे जमलं. एक खोली, एकच बाई, सगळ्यांचे डबे बाईंच्या कपाटात. आता माध्यमिक शाळा सुरू होणार. दिवसाला सहा शिक्षक, विज्ञानाला वेगळी खोली, डबे ज्याच्या त्याच्या दप्तरात आणि जिन्याखाली उपाहारगृह. शिवाय या मुलांना ठरलेलं बदललं की फार त्रास होतो. एकदा चित्रकलेच्या बाई आल्या नाहीत म्हणून त्या तासाला गणित घेतलं, तर ही पूर्ण तास बाकाखाली बसून होती. हट्ट नव्हता तो. डोकं एका रुळावरून दुसऱ्यावर जातच नाही, अडकतं.

सुट्टीत रिकामी शाळा दाखवायला आणू का, असं नव्या शाळेत विचारलं. "शाळा सुरू झाल्यावर बघू" म्हणाले. आणि भुकेचं सांगितल्यावर उत्तर मिळालं, "घरून पोटभर जेवू घालून पाठवत जा." मी समोर बसून होते, काय बोलावं सुचलंच नाही.

आता मुद्द्यावर येते. गेल्या वर्षी एका संध्याकाळी तिच्या दप्तराच्या तळाशी दुसऱ्या मुलीचा डबा सापडला. धुतलेला, पुसलेला, झाकण घट्ट लावलेला, वहीच्या कागदात गुंडाळलेला. मी विचारलं तर म्हणाली, "तिला खरकटा कसा परत देणार?" आणखी कुणाकुणाचं खाल्लं होतं कोण जाणे, तिचं पोट ढोलासारखं ताणलं होतं. तरी "दुखत नाही" म्हणत होती. उलटीही नाही. ती रात्र हॉस्पिटलमध्ये गेली. या मुलांना वेदना कमी जाणवतात आणि उलटी सहसा होत नाही, त्यामुळे एकाच वेळी खूप खाल्लं तर जठराला गंभीर इजा होऊ शकते आणि ती वरून दिसत नाही, हे डॉक्टरांनी नीट समजावलं. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. नव्या शाळेत तर सगळ्यांना सांगायचं, अगदी प्रत्येक मुलाला, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

पण पंधरा दिवसांपूर्वी मी तिची वेणी घालत होते, तेव्हा आरशात माझ्याकडे बघत म्हणाली, "आई, माझी भूक नव्या शाळेत सगळ्यांना सांगू नकोस. जुन्या शाळेत मी जवळ गेले की सगळे डबा झाकायचे."

तेव्हापासून अडकले आहे. शिक्षकांना सांगणारच, त्याबद्दल शंका नाही. पण वर्गातल्या मुलांना सांगायचं का? न सांगितलं आणि कुणी मायेने घास पुढे केला तर? नणंद म्हणते, सरळ मधुमेह आहे म्हणून सांग, लोकांना लगेच कळतं. तुमच्यापैकी कुणी यातून गेलंय का? हा आजार नसला तरी चालेल, दुर्मीळ आजाराच्या मुलाची शाळा बदलताना तुम्ही काय केलंत ते सांगा.

ओंजळ:
ताई, माझा मुलगा 17 वर्षांचा आहे, प्रेडर-विलीच. तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. त्या धुतलेल्या डब्यापाशी थांबले बराच वेळ.

आधी मधुमेहाचं. कृपा करून ते सांगू नका. उद्या ती तासाला पेंगली (आणि ही मुलं पेंगतातच, झोपेचे त्रास असतात) तर साखर कमी झाली समजून कुणीतरी तिला गोड भरवेल. खोट्या नावाखाली मदतही चुकीचीच मिळते. शिवाय मुलीला ते खोटं रोज सांभाळावं लागेल. ते तिला झेपणार नाही.

आम्ही माध्यमिकला पहिल्याच आठवड्यात सगळ्या वर्गाला सांगितलं होतं. समुपदेशक आले, चित्रं दाखवली, मुलांनी छान ऐकून घेतलं. महिन्याभरात दोघातिघांना कळलं की याला एक घास दाखवला की हा काहीही करतो. वह्या पूर्ण करून देतो, दुसऱ्याचा आळ स्वतःवर घेतो. मला हे कळायला सहामाही उलटली. त्या मुलांना वाईट म्हणायचं नाही मला, पण त्या वयाच्या हातात आपण ती किल्ली दिली होती.

तुम्ही दोन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत, त्या सोडवून बघा. अन्न हाताला लागू नये हा एक प्रश्न आणि आजाराचं नाव कुणाला माहीत असावं हा दुसरा. पहिल्यासाठी वर्गाला कारण सांगावंच लागत नाही. डबे सगळ्यांचेच कपाटात, किल्ली शिक्षकांकडे, खाणं फक्त सुट्टीत आणि एकाच जागी, दुसऱ्याला द्यायचं नाही. हा नियम सगळ्या वर्गाला लावला की तुमच्या लेकीकडे कुणी बोट दाखवत नाही. दुसऱ्या वर्षापासून आमच्याकडे तसंच केलं. सुरुवातीला कुरकुर झाली, मग सवय झाली.

खडूफळा:
मी माध्यमिकला विज्ञान शिकवते. शाळेच्या आतून काय दिसतं ते सांगते.

पालक फाइल आणून देतात, 20-20 पानांची. ती कार्यालयातल्या कपाटात जाते आणि तिथेच राहते. तुम्ही एक पान द्या. मोठ्या अक्षरात. आणि ते बदली शिक्षकाच्या हातात पडेल अशी सोय करा, कारण घोळ नेमका त्याच तासाला होतो. त्यावर इतकंच: हिला बक्षीस म्हणूनही खायला द्यायचं नाही. उलटी झाली तर ती साधी समजायची नाही. "दुखत नाही" म्हणाली तरी पोट फुगलेलं किंवा मुलगी मलूल दिसली तर ताबडतोब फोन करायचा. मोठं इन्फेक्शन असूनही ताप न येणं हेही या मुलांत होतं असं मी वाचलंय, ते तुमच्या डॉक्टरांना विचारून त्यांच्या सहीनेच लिहा. डॉक्टरांची सही असली की "पोटभर जेवू घाला" हे उत्तर परत येत नाही, हा माझा अनुभव.

आणि मावशींना विसरू नका. शिक्षकांच्या बैठकीला त्यांना कुणी बोलवत नाही. पण उरलेलं अन्न त्यांच्याच हातात असतं, मधल्या सुट्टीनंतर केराची बादलीही तेच नेतात. एखादं पोर आशेने बघत उभं राहिलं की मावशींचं मन विरघळतं. त्यांना तुम्ही स्वतः भेटा, नावाने हाक मारा, आजार समजावून सांगा. शिपाईमामा आणि बसमधल्या ताईंनाही. माझ्या मते वर्गातल्या 40 मुलांपेक्षा या तीन माणसांना कळणं जास्त गरजेचं आहे.

वेळापत्रकाचं: आदल्या दिवशी बदल कळवणं दर वेळी जमत नाही, खोटं कशाला सांगू. पण "बदल" असं लिहिलेलं एक कार्ड तिच्याकडे आणि एक वर्गशिक्षिकेकडे ठेवा. तास बदलला की शिक्षिका काही न बोलता ते कार्ड बाकावर ठेवेल आणि पाच मिनिटं तिला एकटं सोडेल. माझ्या वर्गात ऑटिझम असलेला मुलगा आहे, त्याच्यासाठी आम्ही असं करतो. अडकलेल्या मुलाला त्या क्षणी जितकं समजवावं तितकं ते जास्त अडकतं.

शिंपला:
ओंजळताईंशी थोडा असहमत. माझ्या मुलाला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा आजार. आम्ही सुरुवातीला कुणाला सांगितलं नाही, कारण त्यालाच नको होतं. मग तो जिन्यावर पडू लागला आणि मुलांनी आपल्या मनाने कारणं शोधली. कुणी म्हणालं नाटक करतो, कुणी म्हणालं संसर्ग होतो. शेजारी बसायला कुणी तयार होईना. शेवटी त्याने स्वतः वर्गासमोर उभं राहून सांगितलं, चार वाक्यांत. दुसऱ्या दिवसापासून त्याचं दप्तर उचलायला पाळी लागली.

तुमच्या लेकीचं वेगळं आहे, मान्य. तिचा आजार डोळ्यांना दिसत नाही आणि अन्नाचं आमिष दाखवता येतं. पण कधीच सांगायचं नाही असं ठरवू नका. कधी सांगायचं आणि कुठल्या शब्दांत, ते तिला ठरवू द्या. आणि एक वाक्य आधीपासून तयार ठेवा, कारण मुलं पहिल्याच दिवशी विचारतात. त्या क्षणी शब्द नसले की पोर गोंधळतं.

ओंजळ:
शिंपलादादा, हे पटलं. आमचं तिथेच चुकलं. आम्ही त्याच्या वतीने बोललो, त्याला विचारलं नाही.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण हातात काही असल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

डॉक्टरांच्या सहीचं एक पान घेऊन पुन्हा शाळेत गेले. या वेळी तासभर ऐकून घेतलं. तिच्या वर्गात कपाट बसणार आहे, डबे सगळ्यांचेच त्यात राहतील. सुट्टीत शाळा बघायचीही परवानगी मिळाली. दोनदा जाऊन आलो. तिने प्रत्येक खोलीपर्यंतची पावलं मोजून वहीत लिहून ठेवली आहेत. मावशींना भेटले. त्या शेवटपर्यंत गप्प होत्या, मग म्हणाल्या, "म्हणजे दिलं नाही तर माया, असंच ना?" मला रडू आलं.

कुणीतरी निरोपातून औषधाचं विचारलं होतं. ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन ती रोज रात्री घेते, त्याने स्नायूंना आणि उंचीला फायदा झाला, भूक मात्र तशीच आहे. भुकेवरच्या डायझॉक्साइड कोलीन या औषधाला 2025 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, 4 वर्षांपुढच्या मुलांसाठी. त्याने रक्तातली साखर वाढू शकते, म्हणून आमचे डॉक्टर सध्या घाई करू नका म्हणतात.

वर्गाचं लेकीलाच विचारलं. दोन दिवस विचार करून तिने वाक्य लिहून आणलं: "मला शाळेत डब्याशिवाय काही खायचं नसतं, विचारू नकोस, जिगसॉ लावूया का?" आजाराचं नाव त्यात नाही. मी पुढे एक शब्दही जोडला नाही. नाव कधी सांगायचं ते ती ठरवेल. जिगसॉचं छोटं खोकं मात्र दप्तरात हवं म्हणाली, ते ठेवलंय.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. तिसऱ्याच महिन्यात सहल आहे. सकाळी निघून रात्री परत. तिथे कपाट नाही, मावशी नाहीत, बसमध्ये प्रत्येकाच्या मांडीवर पिशवी. पाठवायचं की नाही हा प्रश्न नाही, तिला जायचंय आणि मी पाठवणार आहे. ओंजळताई, तुम्ही बसमध्ये डबे कुठे ठेवायला लावले होते? आणि तुम्ही सोबत गेला होता, की दुसऱ्या कुणाला पाठवलं होतं?