मदत हवी आहे: भिशीचा नंबर आधीच घेतलाय, पुढचे हप्ते जमत नाहीत, आणि बोलायला कोणी नाही

चिखलीकर_३८

नमस्कार. हा आयडी नवीन काढलाय. जुन्या नावाने सोसायटीतल्या दोघी मला इथे ओळखतात. त्या नावाने वर्षानुवर्षं पाककृतींच्या धाग्यांवर गप्पा हाणल्यात, हे लिहायला मात्र हात धजावेना.

नवऱ्याचा पुण्याजवळ तळवड्याला छोटा गाळा होता. एक सेकंडहँड व्हीएमसी (लोखंडाचे सुटे भाग कापून घडवणारं संगणकावरचं मशीन), एक ड्रिलिंग मशीन, दोन पोरं कामाला. जवळजवळ सगळं जॉबवर्क एकाच पार्टीचं. त्यांनी पेमेंट आधी दोन महिने लांबवलं, मग चार, मग फोन उचलणंच बंद. आज त्यांच्याकडे आमचे ६ लाख ८० हजार अडकलेत. मशीनचा हप्ता ३१ हजार, गाळ्याचं भाडं १८ हजार. मंगळसूत्र सोडून बाकी सोनं तारण गेलं. ऑगस्टपासून गाळ्याला कुलूप आहे. मशीन आतच आहे, कारण विकलं तरी कर्ज फिटत नाही. नवरा आता एका गोदामात सुपरवायझर म्हणून जातो, १९ हजारांवर. मी चार मुलांच्या शिकवण्या घेते.

पूर्वी त्याच्या मोज्यांत लोखंडाचा कीस अडकलेला असायचा. धुताना बोटात घुसायचा, मी रोज कटकट करायचे. आता मोजे स्वच्छ निघतात, आणि ते झटकून बघायची सवय काही जात नाही.

पैशांचं आम्ही ओढूनताणून बघतोय. माझी अडचण वेगळी आहे. सोसायटीत आमची बारा जणींची भिशी आहे, महिना दोन हजार. जूनमध्ये सुरू झाली. सप्टेंबरचा नंबर मी मागून घेतला, मुलाच्या क्लासची फी भरायचीय असं सांगून. ते २४ हजार सरळ मशीनच्या हप्त्यात गेले. डिसेंबरपर्यंत सात हप्ते कसेबसे भरले. पाच राहिलेत, म्हणजे दहा हजार. १० तारखेला भिशी आहे आणि माझ्याकडे देण्यासारखं काही नाही. म्हणजे मी बाकीच्या जणींचे पैसे वापरून मोकळी झालेय आणि आता तोंड लपवतेय. लिफ्टमध्ये कोणी भेटू नये म्हणून मी चार मजले जिन्याने उतरते.

त्यातच संक्रांत आली. गेल्या वर्षी मी स्टीलच्या चाळण्या लुटल्या होत्या, पन्नास. या वर्षी हळदीकुंकवालाच जाणार नाही. गेलं की बोलवावं लागतं आणि बोलवलं की वाण आलं. वाढदिवसाचं काँट्रिब्यूशन, सहल, गणपतीची वर्गणी... मैत्रिणींचं प्रेम पैशाचं होतं असं मी म्हणत नाही. पण त्यांच्यात जाऊन बसायचं तर दर वेळी पर्समधून काहीतरी काढावं लागतं, हे पर्स रिकामी झाल्यावर कळलं.

आणखी एक. नवऱ्याने एका ॲपवरून ६० हजार घेतले होते. त्यांचा माणूस रात्री नऊला माझ्या भावाला फोन करतो. भाऊ आता माझाही फोन उचलत नाही.

पैसे नकोत, खरंच नकोत. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. भिशीत हे कसं सांगू? आणि रोज दहा मिनिटं खरं बोलता येईल अशी माणसं कुठे मिळतात?

सडेतोड

राग मानू नका, पण सगळी कामं एकाच पार्टीची घ्यायला कोणी सांगितलं होतं? आणि नंबर घेताना पुढचे हप्ते दिसत नव्हते का?

घणाघाती_शिरोली

सडेतोड, आमच्या शिरोलीच्या एमआयडीसीत फिरा एकदा. अर्ध्या गाळ्यांचा धनी एकच पार्टी असते. छोट्या माणसाला पार्टी निवडायची चैन नसते हो.

ताई, त्या ६ लाख ८० हजारांबद्दल बोलतो. तुम्ही ते गेल्यात जमा धरलेत असं वाचताना वाटलं. नवऱ्याची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का? असेल आणि ती ही कामं करण्याआधीची असेल, तर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे पार्टीला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांतच. त्यापुढे व्याज लागतं, तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट आणि दर महिन्याला चक्रवाढ. अर्ज या कायद्याखालच्या सुलभीकरण परिषदेकडे ऑनलाइन करायचा, पुण्यात परिषद आहे. जिल्हा उद्योग केंद्रात गेलात तर कुठे काय भरायचं ते सांगतात. वकील लागतोच असं नाही.

आता खरं सांगतो. बहुतेक जण अर्ज करत नाहीत, कारण केला की त्या पार्टीचं पुढचं काम गेलं. तुमचा गाळा बंदच आहे, तेव्हा तुम्हाला ती भीती उरलेली नाही. पण आधी स्पीड पोस्टाने एक साधं पत्र पाठवा. त्यात बिलांची यादी, तारखा, या कायद्याचा उल्लेख आणि उद्यम क्रमांक. आणखी एक ओळ घाला, प्राप्तिकराची (१९६१ च्या कायद्यातलं ४३ब(एच) कलम). २०२३-२४ पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत पार्टीला ते खर्चात धरता येत नाहीत. मालकाला तुमची दया येणार नाही, पण मार्च जवळ आला की त्याच्या सीएला हे कलम आठवतं. माझे अडकलेले दीड लाख असेच सुटले. पूर्ण नाही सुटले, सव्वा मिळाले. तेव्हा तेवढ्यावर मी नाचलो होतो.

कायद्याचं_बोला

रात्री नऊचा फोन नियमात बसत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. घरच्यांना, ओळखीच्यांना त्रास देणं, चारचौघांत अपमान करणं हेही चालत नाही. भावाच्या फोनमधल्या कॉल लॉगचा स्क्रीनशॉट घ्या. त्या ॲपच्या मागे जी बँक किंवा वित्त कंपनी आहे तिचं नाव कर्जाच्या कागदात असतं, तिच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. फुकट आहे. चौकशीला १४४४८. मागे कोणतीच नोंदणीकृत कंपनी सापडली नाही, किंवा फोटोत फेरफार करून धमक्या आल्या, तर मात्र थेट १९३० (सायबर गुन्ह्यांची हेल्पलाइन) आणि पोलीस.

कर्ज यामुळे माफ होत नाही, हेही लक्षात ठेवा. फक्त भावाचा फोन शांत होतो.

सुखी_जीवन_००७

[हा प्रतिसाद संपादकांनी काढला आहे.]

कायद्याचं_बोला

वरचा प्रतिसाद उडायच्या आधी ज्यांनी वाचला त्यांच्यासाठी: 'सर्व कर्जातून मुक्ती, आधी २,९९९ नोंदणी शुल्क' हा सापळा आहे. अशा धाग्यांवर हे लोक घिरट्या घालत असतात. ताई, व्यनित (व्यक्तिगत निरोपात) कोणी गोड बोलायला आलं आणि तिसऱ्या वाक्यात शुल्क किंवा ओटीपी निघाला, तर तिथेच थांबा.

मीनल_डोंबिवली

पुरुषमंडळींनी कलमं सांगून झाली, आता भिशीचं बघू.

मी नऊ वर्षं भिशी चालवते. हप्ता चुकलेली बाई मी पाहिलीय आणि न सांगता गायब झालेली बाईही पाहिलीय. पहिलीशी आम्ही अजून बोलतो. दुसरीचं नाव निघालं की आजही चहा कडू होतो.

१० तारखेची वाट बघू नका. जी भिशी चालवते तिच्याकडे आधी एकट्या जा. दुपारी तीनच्या सुमाराला, घरात कोणी नसताना. 'थोडी अडचण आहे' असं गुळमुळीत बोलू नका. आकडा सांगा: माझे दहा हजार राहिलेत, महिन्याला पाचशे जमतील, म्हणजे वीस महिने लागतील. बायका गरिबीला घाबरत नाहीत, आकडा नसलेल्या गोष्टीला घाबरतात. आणि क्लासच्या फीचं खोटं स्वतःहून कबूल करा. ते नंतर कळलं तर दहा हजारांपेक्षा तेच जास्त लागतं.

वाणाचं म्हणाल तर माझ्या आईने एका वर्षी कढीपत्त्याची रोपं दिली होती, दुधाच्या पिशव्यांत लावून. सगळ्यांना कौतुक वाटलं. आईला एकटीलाच माहीत होतं तसं का केलं ते.

शारजावासी

भावाला आधी मेसेज करा. माझी नोकरी गेली तेव्हा मीही घरी सहा महिने सांगितलं नव्हतं. बहिणीला राग नोकरी गेल्याचा नव्हताच, तिला दुसऱ्याच्या तोंडून कळल्याचा होता.

ठाणेकर_जुना

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देतो.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझं ट्रॅव्हलचं काम बसलं. तेव्हा असाच एक धागा निघाला होता. त्यातले आम्ही पाच जण रोज रात्री नऊला फोनवर भेटू लागलो, व्हिडिओ बंद ठेवून. काम परत सुरू झालं तरी आम्ही थांबलो नाही. सध्या सहा जण आहोत. एक सोलापूरची शिक्षिका आहे, शाळेचा पगार अडकलेला. एक नाशिकचा, हॉटेल बुडालेलं. बाकीचे त्यांना वाटलं तर ते सांगतील.

प्रत्येकाने त्या दिवशी काय खर्च झाला तेवढंच सांगायचं. 'आज २१०. दूध, कोथिंबीर, झेरॉक्स.' बस. ऐकायला हास्यास्पद वाटेल. पण नवऱ्यासमोर, बायकोसमोर जो आकडा तोंडातून निघत नाही तो इथे निघतो, आणि समोरचा 'बरं' म्हणतो. विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. उसने मागायचे नाहीत आणि द्यायचेही नाहीत. हा नियम सुरुवातीला नव्हता. दुसऱ्याच महिन्यात एकाने दुसऱ्याला चार हजार दिले. घेणारा लाजेने यायचा बंद झाला, आणि देणारा पण, का कोण जाणे. दोन माणसं गेली आमची चार हजारांत.

नाव-गाव सांगायची सक्ती नाही. यायचं असेल तर व्यनि करा. आधी आठवडाभर नुसतं ऐकलंत तरी चालेल.

आणि एखादी रात्र फारच जड गेली, डोक्यात भलतंसलतं येऊ लागलं, तर आमच्या नऊची वाट बघू नका. १४४१६ ला फोन करा. टेलिमानस, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. मी केलाय, म्हणून सांगतो.

चिखलीकर_३८

सगळ्यांचे आभार. सडेतोड, तुमचेही. तुम्ही जे लिहिलंत ते मी स्वतःला रोज ऐकवतेच, दुसऱ्याने लिहिलेलं वाचल्यावर त्याची धार जरा कमी वाटली.

ठाणेकर, व्यनि केलाय.

चिखलीकर_३८ (आठ दिवसांनी)

काय झालं ते सांगते.

८ तारखेला दुपारी तीनला भिशी चालवणाऱ्या काकूंकडे गेले. मीनलताई, तुमचं वाक्य घोकत गेले होते. काकू कुरडयांचे डबे पुसत होत्या. मी आकडा सांगितला, फीचंही सांगितलं. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत, डबे पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, 'पाचही हप्ते मी घालते तुझ्या नावाने, तू मला पाचशे पाचशे दे. पण भिशीत सगळ्यांना तूच सांगायचं. मी सांगितलं तर ती चुगली होईल.'

१० तारखेला सांगितलं. एक जण म्हणाली, 'नंबर मागताना हे माहीत नव्हतं का?' मी म्हटलं, माहीत होतं. तिने मान फिरवली आणि अजून बोलत नाही. उरलेल्यांनी विषय बदलला. चांगल्या मनाने बदलला की कसं, ते कळलं नाही. मी घरी येऊन खूप रडले. पण दुसऱ्या दिवशी लिफ्टने उतरले.

हळदीकुंकवाला या वर्षी जात नाहीये. कढीपत्ता लावलाय मात्र, पुढच्या वर्षासाठी.

भावाला मेसेज केला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. वित्त कंपनीला ईमेल गेलाय, रात्रीचे फोन तीन दिवस नाहीत.

नऊच्या फोनवर पाच दिवस नुसतं ऐकलं. काल पहिल्यांदा बोलले. 'आज १४५. भाजी, आणि मुलाला वडापाव.' नाशिकचे म्हणाले, 'बरं.' नवरा शेजारी रात्रपाळीला जायला मोजे घालत होता, त्याने ऐकलं. काही बोलला नाही. पण कामावरून आल्यावर कपाटातून उद्यमचं सर्टिफिकेट काढून टेबलावर ठेवलं. २०२१ चं आहे, म्हणजे सगळ्या बिलांच्या आधीचं.

घणाघाती दादा, एक विचारायचं होतं. एकूण अकरा बिलं आहेत. आठांच्या डिलिव्हरी चलनावर त्यांच्या स्टोअरवाल्याची सही आणि शिक्का दोन्ही आहेत. तिघांवर नुसती सही आहे, तीही पेन्सिलने. ती तीन पत्रात घालू की वगळू?