लग्न लागलं कधी म्हणायचं?
"लग्नाआधीच्या शरीरसंबंधांबाबत चर्चची भूमिका पहिल्यापासून एकच, ढिलाई केली ती प्रोटेस्टंटांनी" हे मत अर्धंच पटतं. लग्नाआधीचा संबंध पाप, इथवर ठीक. पण लग्न लागलं कधी म्हणायचं, हे बदलत गेलंय. मध्ययुगीन कॅथलिक कायद्यात दोघांनी पुढे लग्न करायचं वचन दिलं आणि मग संबंध आला, की लग्न झालंच. पाद्री नको, साक्षीदार नको. (चोरून केल्याचं पाप लागे ते वेगळं.) मग मुलगा कानांवर हात ठेवी आणि मुलगी चर्चच्या कोर्टात जाई! कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने १५६३ मध्ये पाद्री आणि साक्षीदार सक्तीचे केले, ते असल्या भानगडींमुळेच.

प्रोटेस्टंट स्कॉटलंडला ट्रेंटचा हा नियम लागू नव्हता, त्यामुळे तिथे वचन आणि संबंधातून लग्न लागायचा हा प्रकार कायद्यात १९४० पर्यंत टिकला. आणि ढिलाई म्हणाल तर तिथलं चर्च लग्नाआधी संबंध ठेवणाऱ्या जोडप्यांना रविवारी भर उपासनेत उभं करून झाडत असे. प्रेयसी जीन आर्मर गरोदर राहिली म्हणून स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सलाही १७८६ मध्ये हे भोगावं लागलं. स्वतःच्या बाकाशी उभं राहायची सवलत तेवढी मिळाली. त्याने ते मुकाट सोसलं, कारण बदल्यात पाद्रीबुवा त्याला अविवाहित असल्याचा, म्हणजे जीनशी लग्न लागलेलं नसल्याचा, दाखला देणार होते.